गाडी बंद का पडते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गाडी शिकणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त भीती अपघाताची वाटत असेल, असं आपल्याला वाटतं. मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात आणि सकाळच्या वेळी लोकांना गाडी शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. या काळात मला दिसलं ते वेगळंच. लोक घाबरतात ते भर सिग्नलला गाडी बंद पडण्याला. दिवा हिरवा होतो, गाडी एक आचका देते आणि गप्प होते. लगेच मागे हॉर्न सुरू. शेजारून जाणारा एखादा मुद्दाम काच खाली करून उपदेश करून जातो. चालवणारी बाई असली तर त्या उपदेशाला वेगळीच धार चढते. असे दोन-तीन प्रसंग झाले की माणूस लायसन्स कपाटात ठेवून देतो आणि दारात गाडी उभी असताना रिक्षाची वाट बघत बसतो. अशी कितीतरी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

म्हणून आज गिअरची गाडी बंद का पडते, एवढाच विषय घेतला आहे. कारण समजलं की निम्मी भीती जाते, उरलेली निम्मी सरावाने जाते.

सुरुवात बैलापासून करू. भरलेली गाडी ओढायची असली की बैल आधी जागेवर उभा राहूनच मान खाली घालतो आणि जोर लावतो. गाडी हललेली नसते, तरी जोर लागलेला असतो. विजेच्या मोटरचंही तसंच. थांबलेल्या अवस्थेतून ती पूर्ण जोर लावू शकते. आपल्या कारच्या इंजिनाला मात्र हे जमत नाही. ते फिरत असेल तरच त्यात जोर असतो. थांबलेल्या इंजिनाचा जोर शून्य.

असं का, तर त्याच्या कामाची पद्धतच तशी आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन खाली जातो, हवा आणि इंधन आत ओढतो. वर येतो, ते दाबतो. मग आत जाळ होतो आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो धूर बाहेर टाकतो. या चार फेऱ्यांपैकी एकीतच कमाई होते, बाकीच्या तीन खर्चाच्या. हा खर्च भागवण्यासाठी इंजिनाला एक जड चाक जोडलेलं असतं, फ्लायव्हील. कमाईच्या फेरीत ते वेग साठवतं आणि खर्चाच्या फेऱ्यांत तो परत देतं. पगार महिन्यातून एकदा होतो आणि घर मात्र तीसही दिवस चालवावं लागतं. फ्लायव्हील म्हणजे त्या घरातला डबा.

आता थोडे आकडे. गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. चार सिलिंडरच्या इंजिनात त्यामुळे सेकंदाला २६-२७ वेळा जाळ होतो. हाच वेग ३०० फेऱ्यांवर आला, तर सेकंदाला जेमतेम १० वेळा. दोन कमायांमधलं अंतर वाढत जातं. दुसरीकडे फ्लायव्हीलचा डबाही रिकामा होत असतो. वेग निम्मा झाला की साठा निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून इंजिन हळूहळू दमून थांबत नाही. एका मर्यादेपर्यंत तग धरतं आणि त्याखाली गेलं की एकदम कोसळतं. शिकाऊ माणूस सांगतो, "सर, काही कळलंच नाही, एकदम बंद पडली." तो खरंच सांगत असतो. कळायला वेळच मिळत नाही.

रेल्वेवाल्यांनी ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली. आपल्याकडचं नेहमीचं डिझेल रेल्वे इंजिन पाहा. त्यातलं डिझेल इंजिन चाकांना थेट जोडलेलंच नसतं. ते जनरेटर फिरवतं, त्यातून वीज निर्माण होते आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटरी चालतात. हजारो टनांची मालगाडी जागेवरून हलवायला लागणारा जोर मोटर देते आणि डिझेल इंजिन आपल्या गतीने फिरत राहतं. मोटारीत इतका पसारा परवडला नाही. तिथे आला क्लच.

क्लच समजायचा असेल तर जुन्या खेड्यातली इंजिनावरची पिठाची गिरणी आठवा. गिरणीवाला दळण टाकून इंजिन सुरू करत नसे. आधी इंजिन मोकळं सुरू करायचा. पट्टा मोकळ्या पुलीवर नुसता फिरत असायचा. इंजिनाने गती घेतली की लाकडी दांडीने तो पट्टा हळूच जात्याच्या पुलीवर सरकवायचा. पट्टा आधी थोडा घसरायचा, करकरायचा, मग पकड घ्यायचा आणि जातं फिरू लागायचं. घाईने पट्टा एकदम सरकवला तर इंजिन दबायचं आणि दोन-चार आचके देऊन बंद पडायचं. गाडी बंद पडण्याचं सगळं शास्त्र या गिरणीत आहे.

गाडीत पट्ट्याच्या जागी चकत्या आहेत. एका बाजूला इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील. दुसऱ्या बाजूला चाकांकडे जाणाऱ्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली क्लच प्लेट. मागून एक प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. तुम्ही क्लचचं पेडल दाबता तेव्हा हा दाब निघतो आणि इंजिन व चाकं एकमेकांपासून सुटतात. पेडल सोडता तेव्हा ती पुन्हा जोडली जातात. पेडल दाबलं की जोड सुटतो आणि सोडलं की जोड बसतो. हे उलटं गणित आधी डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

यातली खरी गोम अशी. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ८०० फेऱ्यांवर असेल तर साधारण छोट्या कारचा वेग ताशी ६ किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. याहून फार हळू चालायचं असेल, तर इंजिन आणि चाकं घट्ट जोडलेली राहूच शकत नाहीत. राहिली तर इंजिनाला आपल्या मर्यादेखाली जावं लागेल. उभी गाडी शून्यावर आणि इंजिन ८०० वर. ही दरी भरून निघेपर्यंत मधल्या चकतीने घसरत राहायचं असतं. हाच तो हाफ क्लच. शून्यापासून ६ किलोमीटरपर्यंतचा हा सेकंद-दोन सेकंदांचा प्रवास डाव्या पायावर अवलंबून असतो. तो पाय घाईने सुटला की उभ्या चाकांचं सगळं ओझं इंजिनावर एकदम येतं. अशा वेळी चाकं हलत नाहीत, इंजिनच थांबतं.

एका शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे शिकायला येत. वय पन्नाशीच्या पुढे. घरी सरावाला त्यांचे यजमान शेजारी बसत आणि सारखं सांगत, "अगं, क्लच हळू सोड, हळू सोड." गाडी रोज बंद पडे. बाईंनी एक दिवस मला विचारलं, "सर, हळू म्हणजे नेमकं किती हळू? मी हळूच सोडते." प्रश्न अगदी बरोबर होता. 'हळू' हे उत्तर अपुरं आहे. पेडलच्या पूर्ण चालीचे तीन भाग असतात. खालचा भाग रिकामा असतो, तिथे पाय पटकन वर आला तरी काही होत नाही. वरचा भागही रिकामा असतो. मधला, बोट-दोन बोटं उंचीचा पट्टाच काय तो महत्त्वाचा. चकत्या एकमेकींना टेकतात त्या तिथे. बाई खालचा रिकामा भाग फार हळू सोडत. तोपर्यंत मागचे हॉर्न सुरू होत. त्या गडबडतात आणि नेमक्या त्या मधल्या पट्ट्यात पाय झटकन उचलतात. जिथे सावकाश जायचं तिथे घाई आणि जिथे घाई चालते तिथे सावकाशी.

मग आम्ही एक सराव केला. तो तुम्हालाही सांगतो. सपाट, मोकळं मैदान घ्या. पहिला गिअर टाका. उजवा पाय ब्रेकच्या जवळ तयार ठेवा, ॲक्सिलरेटरला हात काय, पायही लावायचा नाही. टाच जमिनीवर टेकवून क्लच सोडत या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित जड होईल, गाडी थोडी थरथरेल. तिथे पाय थांबवा. दोन आकडे मोजा. गाडी आपोआप सरकू लागेल. ती सरकली की मग उरलेला क्लच सोडा. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्या सपाटीवर अशा नुसत्या क्लचवर निघतात. पुन्हा थांबा, पुन्हा निघा. वीस-पंचवीस वेळा केलं की ती जागा पायाला सापडते. बाईंना तिसऱ्या सकाळी ती सापडली. नंतर त्या एकट्या शाळेत गाडी घेऊन जाऊ लागल्या.

एक लक्षात ठेवा, ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. क्लच प्लेट झिजत गेली की बऱ्याच गाड्यांत ती वर वर सरकते. म्हणूनच वर्षानुवर्षं गाडी चालवणारा माणूस मेव्हण्याची गाडी घेतो आणि पहिल्याच वळणावर ती बंद पाडतो. त्याचं कौशल्य गेलेलं नसतं, त्याचा पाय जुन्या पत्त्यावर गेलेला असतो.

आता चढ. दहा फुटांना एक फूट असा चढ धरा. हजार किलोची गाडी या चढावर साधारण १०० किलोच्या जोराने मागे ओढली जाते. चार माणसं आणि सामान धरून तेराशे किलो झालं, तर १३० किलो. सपाटीवर नुसत्या क्लचने निघणारं इंजिन इथे पुरं पडत नाही. त्याला आधी थोडी रेस द्यावी लागते. पण रेस द्यायची तर उजवा पाय ब्रेकवरून उचलायला हवा आणि तेवढ्यात गाडी मागे घसरते. मागे घसरली की माणूस घाबरून क्लच सोडून देतो. आता इंजिनाला चढही चढायचा आहे आणि मागे जाणारी गाडी आधी थांबवायचीही आहे. मग ते बंद पडणारच.

इथे हँडब्रेकचा उपयोग करा. हँडब्रेक ओढलेला असताना पहिला गिअर टाका, थोडी रेस द्या, क्लच त्या जागेपर्यंत आणा. गाडीचं नाक किंचित वर उचलल्यासारखं होईल. तेव्हाच हँडब्रेक सोडा. गाडी मागे न जाता पुढे निघते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी लायसन्सच्या परीक्षेत चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघण्याची अट घातली आहे, ती याचसाठी. काही नव्या गाड्यांत चढावर ब्रेक दोन सेकंद आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. असेल तर चांगलंच. पण हँडब्रेकची सवय सुटू देऊ नका. आणि सिग्नलला चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची हौस करू नका. त्यात चकती सतत घासते, तापते आणि जळका वास येतो. तो वास म्हणजे गॅरेजच्या बिलाची आगाऊ सूचना.

निघताना गाडी बंद पडते तशी चालतानाही पडते. तिसऱ्या गिअरमध्ये ८०० फेऱ्यांना वेग येतो साधारण पंधरा किलोमीटर. स्पीडब्रेकरवर वेग दहावर आला आणि गिअर तिसराच राहिला, तर इंजिनावर तीच वेळ येते. गाडी धक्के देऊ लागते. ती 'खालचा गिअर टाका' असंच सांगत असते. थांबताना क्लच दाबायला विसरलात तरी तेच. मात्र एकदम कुणी आडवं आलं, तर क्लचचा विचार करू नका. पूर्ण ब्रेक दाबा. इंजिन बंद पडलं तर पडू द्या. गाडी बंद पडल्याने कुणी मरत नाही, न थांबल्याने मरतं.

डिझेल गाडी सहसा कमी बंद पडते, असा अनुभव आहे आणि तो खरा आहे. कमी फेऱ्यांवर तिचा जोर चांगला असतो आणि फेरे घटले की ती आपणहून जास्त इंधन घेते. पण टर्बो बसवलेली छोटी डिझेल इंजिनं अगदी कमी फेऱ्यांवर दुबळी असतात. टर्बोला फिरायला पुरेसा धूर मिळेपर्यंत त्याची मदत मिळत नाही. म्हणून त्या गाड्याही चढावर रेस मागतात. सिग्नलला स्वतःहून इंजिन बंद करणाऱ्या आणि क्लच दाबताच सुरू होणाऱ्या गाड्याही आता आल्या आहेत. ती गाडी बंद 'पडलेली' नसते, बंद केलेली असते. घाबरू नका.

दोष पायाचा की गाडीचा, हे ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. क्लच पूर्ण दाबलेला असताना किंवा गाडी न्यूट्रलमध्ये असताना इंजिन बंद पडलं, तर दोष तुमचा नाही. तेव्हा चाकांचं ओझं इंजिनावर नसतंच. थ्रॉटलमध्ये काजळी साचली असेल, हवेच्या पाइपला चीर गेली असेल, फ्युएल फिल्टर तुंबला असेल किंवा एखादा सेन्सर बिघडला असेल. मेकॅनिकला नुसतं 'बंद पडते' असं सांगू नका. थंड असताना की गरम झाल्यावर, एसी चालू असताना की नसताना, हे सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे पैसे. कार्ब्युरेटरच्या काळात भर मे महिन्यात घाटात फियाट आणि अँबॅसिडर बंद पडत. पंपातल्या पेट्रोलचीच वाफ होई. मग ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बिडी ओढत बसे. फडक्याने पंप गार झाला की गाडी चालू. इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल दाबाखाली असतं, त्यामुळे ते दुखणं जवळजवळ संपलं.

आता ज्या तीन ठिकाणी गाडी बंद पडणं गंमत राहत नाही, त्यांच्याबद्दल.

पहिलं, उतार. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारी यंत्रणा एक-दोन दाबांपुरतीच उरते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेक आहे, पण जोर जास्त लागतो. अशा वेळी पेडल पंपासारखं वरखाली करू नका, एकदाच जोरात दाबून धरा. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग आहेत. ते दोन-चार रुपयांसाठी ब्रेक गहाण ठेवतात.

दुसरं, रेल्वे फाटक. ब्रॉडगेजवरची बिनचौकीदाराची फाटकं २०१९ पर्यंत काढून टाकण्यात आली, पण फाटकं आहेतच. पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा मोकळी झाल्याशिवाय रुळांवर चढू नका आणि रुळांवर गिअर बदलू नका. गाडी अडकली तर आधी सगळी माणसं उतरवा, रुळांपासून दूर न्या आणि गेटमनला सांगा. गाडी नंतर.

तिसरं, पाणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी रस्त्यांवर असंख्य गाड्या बंद पडल्या आणि काही माणसं बंद गाड्यांतच गुदमरून गेली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. आणि पाणी चढत असेल तर गाडीत बसून राहू नका. दरवाजा उघडतोय, काच खाली होतेय, तोवरच बाहेर पडा.

आता ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एवढ्याच दोन पेडलांच्या गाड्या वाढत आहेत. विजेच्या गाडीत तर क्लचच नाही, ती बैलासारखी जागेवरून जोर लावते. उद्याच्या मुलांना हा विषय कदाचित कळणारही नाही. पण आज आपल्या रस्त्यांवर क्लचच्या गाड्या भरपूर आहेत आणि त्या शिकणारी माणसंही. तुमच्या पुढची गाडी सिग्नलला बंद पडली, तर पाच सेकंद हॉर्नवरचा हात काढून घ्या. त्या माणसाला क्लच दाबायचा आहे, किल्ली फिरवायची आहे आणि पायाने ती एक जागा शोधायची आहे. हॉर्न वाजवलात तर त्याचा पाय आणखी घाईने सुटेल आणि गाडी पुन्हा बंद पडेल. म्हणजे थांबावं तुम्हालाच लागेल.